एकशे दहा, सत्तर

६ नोव्हेंबर, बुधवार

तालुक्याहून पत्र आलं. दर बुधवारी उपकेंद्रात गर्भवती मातांचा मार्गदर्शन वर्ग घ्यायचा, कमीत कमी दहा माता हजर हव्यात आणि वर्ग संपल्यावर दहाही जणी मावतील असा फोटो ग्रुपवर टाकायचा. काय शिकवायचं ते चार ओळींत आटोपलंय. फोटो कसा काढायचा ते पाऊण पान आहे. फळा दिसला पाहिजे, फळ्यावरची तारीख दिसली पाहिजे आणि माता आनंदी दिसल्या पाहिजेत.

सव्वीस वर्षं नर्स म्हणून नोकरी झाली. एवढ्या काळात आठ योजना जन्मताना पाहिल्या आणि सहा मरताना. त्यांची सुईणही मीच आणि तेराव्याला जेवणारीही मीच. म्हणून ठरवलं, ही नववी योजना लिहून ठेवायची. अहवालात जे लिहिता येत नाही ते या डायरीत. गावाचं नाव लिहीत नाही. धरणगावपासून नऊ किलोमीटर, एवढं पुरे. मी स्वतः जळगावच्या कडेला पिंप्राळ्याला राहते आणि रोज स्कूटरवर येते, म्हणजे गावाच्या मते मी जळगावची मोठी बाई आणि जळगावच्या मते खेड्यातली सिस्टर.

आज पहिला वर्ग. रजिस्टरवर चौदा गरोदर. आल्या तीन. बाकीच्या अकरा समोरच्या पारावर, अकबरीच्या टोपलीभोवती. अकबरी ही धरणगावची मनियारीण. बांगड्या घेऊन दर बुधवारी गावात येते आणि तिला कुणाचंही पत्र लागत नाही. सारिकाला दोनदा बोलवायला पाठवलं. सारिका म्हणजे गावची आशाताई, माझा उजवा हात. दुसऱ्या खेपेला उजवा हात स्वतःच बांगड्या भरून परत आला.

तिघींना शिकवलं. पाच बोटं, पाच धोके. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज, रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. "समजलं?" "हो सिस्टर." तिघी एका सुरात, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा.

रक्तदाब मोजले. दिपमालाचा ११०/७०. ही सुंदरबाईची सून, वय एकवीस, पहिलटकरीण, सहावा महिना, वजन त्रेचाळीस. अंगाने कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीसारखी. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "सिस्टर, सूज किती आली म्हणजे धोका?"

"सूज म्हणजे सूज. आली की दिसते," मी म्हटलं.

शंका काढणाऱ्या बायकांमुळे वर्ग लांबतात.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज दोघी. दिपमाला होती.

रक्तदाबाचं मशीन बंद पडलं. म्हणजे मशीन धडधाकट आहे, सेल संपलेत. पूर्वीचं पाऱ्याचं मशीन पारा विषारी म्हणून परत नेलं. नव्याला विष नाही, पण प्राणही नाही. चार सेल लागतात. पिंप्राळ्याला आमच्या घरापासून वीस पावलांवर दुकान आहे, पण मी आणणार नाही. प्रश्न चार सेलचा नाही, तत्त्वाचा आहे. आज सेल आणले की उद्या कापूस आणा, परवा झाडू आणा. तालुक्याला रीतसर मागणीपत्र दिलं, पोच घेतली, पोच फाइलला लावली.

कार्डावर रकाना रिकामा ठेवला की वरून फोन येतो. दिपमालाचा मागच्या बुधवारी ११०/७० होता. आठवड्यात काय आभाळ कोसळणार? तोच लिहिला. दुसरीलाही तिचा मागचाच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. प्रथमोपचाराची पेटी घेऊन शाळेत दिवसभर बसले. एका मतदाराला गांधीलमाशी चावली. लोकशाहीला माझा एवढाच हातभार. वर्ग नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दोन माता घेऊन दहांचा फोटो काढणं मला जमलेलं नाही. मॅडमचा फोन आला. मेघा मॅडम, तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत आणि आवाज असा की मीच शाळा बुडवलेली. म्हणून आज स्वतः पारावर गेले.

"अकबरी, तू माझ्या बायका पळवतेस."

"मैं कायकू पळवू, बाई? माझ्याकडं रंग आहे, तुमच्याकडं सुई आहे. त्या आपल्या पायानं येतात."

शेवटी तह झाला. अकबरीने उपकेंद्राच्या ओट्यावर बसायचं, सावली माझी, पाणी माझं. पण टोपलीवरचं फडकं वर्ग संपेपर्यंत काढायचं नाही. परिणाम असा की चौदापैकी चौदा हजर, वर तीन सासवा आणि एक अशी बाई जिचं शेवटचं बाळंतपण होऊन वीस वर्षं झालीत. फोटोत सगळ्या आनंदी आहेत, कारण सगळ्या उजवीकडे टोपलीकडे बघताहेत. ग्रुपवर मॅडमनी अंगठा दाखवला. पसंतीचा.

विषय आहार. दोन जिवांचं खावं, असं म्हणताच सुंदरबाईने हरकत घेतली. "जास्ती खादं की पोर पोटमा मोठं व्हस. मंग निंघाले जड जास."

"सुंदरबाई, पोर निघायला जड जाऊ नये म्हणून आईलाच हलकं करायचं का?"

बायका हसल्या. सुंदरबाईही हसली, पण भातात खडा लागल्यासारखी. लोहाच्या गोळ्या नियमित देता का, विचारलं तर म्हणाली, देतो. सारिका नंतर माझ्या कानाशी म्हणाली, कढीपत्त्याला देतात. गोळ्यांनी पोर काळं होतं म्हणे, आणि कढीपत्ता हिरवा होतो. मी त्या घरी जाऊन झाड पाहिलं. खरोखर, धरणगाव तालुक्यात एवढं रक्त असलेलं झाड दुसरं नसेल. सुंदरबाईला चार शब्द सुनावले आणि दिपमालाला माझ्यासमोर जेवायला बसवलं.

वजन पंचेचाळीस. रक्तदाब तोच लिहिला.

४ डिसेंबर, बुधवार

सांगायला हरकत नाही, माझ्या वर्गाला फळ आलं. दिपमालाचं वजन साडेसत्तेचाळीस. एका आठवड्यात अडीच किलो! गाल वर आलेत, डोळे गालांत बुडालेत, हाताच्या शिरा दिसत नाहीत. सासू ओट्यावरूनच सांगत आली, "देखा ना सिस्टर, कशी भरी उनी शे मनी वहू!" गेल्या बुधवारी हीच बाई पोर मोठं होईल म्हणून रडत होती. आता श्रेय घ्यायला पुढे.

दिपमाला नवऱ्याच्या चपला घालून आली होती. स्वतःच्या पायात जात नाहीत म्हणाली. बायकांनी खूप चिडवलं. "प्रेमराजच्या चपला, प्रेमराजचं पोर, आता प्रेमराजची मिशी तेवढी लाव!" तीही हसली, मग भिंतीला टेकून बसली आणि वर्गभर डोळे मिटून होती. आठव्याकडे झुकलेली बाई दुपारी पेंगतेच.

योगायोग बघा, आजच जिल्ह्याहून निरोप आला. प्रत्येक तालुक्याने एक 'यशोगाथा' पाठवायची आहे. एक पान मजकूर, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधीचा माझ्याकडे आहे, पहिल्या वर्गाचा. नंतरचा आजच काढला. दोन्ही शेजारी ठेवले तर सख्ख्या बहिणीही वाटत नाहीत.

मजकुराला सुरुवात केली: "कुपोषणाच्या विळख्यात सापडलेली दिपमाला..." सव्वीस वर्षांत मला कुणी एक पान लिहायला सांगितलं नव्हतं.

सेल आले नाहीत. ११०/७०.

११ डिसेंबर, बुधवार

वर्ग संपला, टोपलीवरचं फडकं निघालं. मी रजिस्टर भरत होते. अकबरी उठून माझ्या टेबलापाशी आली. ही कधी आत येत नाही.

"बाई, दिपमालाचा हात बघितला का?"

"हाताला काय झालं?"

"दिवाळीला दो-चार भरली होती मी. सैल जात होती. मागच्या बुधवारी दो-छे. आज दो-आठ बी चढत नाही."

बांगडीची मापं अशी असतात. आकडा जितका मोठा तितकी बांगडी मोठी. दो-आठ धिप्पाड बायका घालतात.

"खाणं लागलंय तिच्या अंगी. मी लावलंय."

"खाणं दंडाला लागतं, बाई. पंजाला नाही लागत. जाड बाईचा पंजा दाबला की अंगठा आत दुमडतो, बांगडी सरकते. हिचा अंगठा दुमडतच नाही. आणि दाबलं तिथं खळगा राहतो. कणकेत राहतो तसा."

"अकबरी," मी म्हटलं, "तू हात बघ, मी पोट बघते."

ती जाऊन टोपली भरायला लागली. बांगड्या विकणारी बाई आता मला सूज शिकवणार. यशोगाथा आजच रवाना केली, दोन्ही फोटोंसह. कार्ड भरलं, नेहमीसारखं.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी वर्ग, दुपारी सुंदरबाईकडे दिपमालाच्या ओटीचं आमंत्रण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे उद्या ती शिरपूरकडे माहेरी जाणार. तिचा भाऊ नवल न्यायला आलेला. सकाळचं कार्ड मी आधीच भरून टाकलं, म्हणजे तिला तिकडच्या सिस्टरकडे पूर्ण भरलेलं कार्ड नेता येईल. आमच्याकडून काही अपुरं जाऊ नये.

दुपारी पाटावर दिपमाला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चेहरा इतका भरलेला की मुंडावळीसारखी बांधलेली फुलांची माळ कपाळात रुतली होती. अकबरीला हिरवा चुडा भरायला बोलावलं होतं. तिने दिपमालाचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याखालचा भाग दाबला आणि हात परत ठेवला.

"मी नाही भरत."

सुंदरबाई म्हणाली, "आज सवासनीना दिन शे आनि तू नही म्हनस?"

"अक्का, घातली तर निघणार नाही. आधी सिस्टरबाईंना तिला ते मशीन लावू दे. तो पट्टा. मग मी फुकट भरते."

मशीन. एवढ्या बायकांसमोर. माझ्या पर्समध्ये मशीन होतं आणि मशीनमध्ये काही नव्हतं. मी कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे बघ. आजची तारीख. एकशे दहा, सत्तर. उत्तम आहे."

अकबरीने कार्डाकडे पाहिलं. "मला अक्षर नाही येत, बाई. हात येतो." टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली. ओटीच्या दिवशी रागावून गेलेली मनियारीण! सुंदरबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटी तिने स्वतःच साबणाचं पाणी करून दो-दसचा चुडा भरला, प्रत्येक हातात अकरा. दिपमाला ओठ दाबून बसली होती. एकदा म्हणाली, "डोकं ठणकतंय." सगळ्या म्हणाल्या, नजर. सुंदरबाईने लगेच मिरच्या ओवाळल्या.

मी पेढा घेतला आणि घरी आले. येताना दुकानातून चार सेल घेतले. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण त्या बाईला आकडा दाखवल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेआठला गावात. एसटी नऊची. थांब्यावर बाकावर दिपमाला, शेजारी नवल, पिशव्या, सुंदरबाई निरोप द्यायला आलेली. मी मशीन काढलं.

"आता काय मोजता सिस्टर, गाडी येईल," नवल म्हणाला.

"मिनिटाचं काम आहे."

१६६/११२.

दुसऱ्या दंडाला लावलं. १६४/११०. मशीन बिघडलं असेल म्हणून स्वतःला लावलं. १३८/८८. मशीन बिघडलेलं नव्हतं. सारिकाने बाटलीत लघवी घेऊन पट्टी बुडवली. पिवळी पट्टी गर्द हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून चाललीत.

"डोळ्यांपुढे काही दिसतं का गं?"

"रात्रीपासून काजवे दिसतात," ती म्हणाली. "मला वाटलं, जागरणानं."

पाचातले तीन धोके तिच्या अंगावर होते आणि पाचही तिला पाठ होते. विचारलं असतं तर एका दमात म्हणून दाखवले असते.

एसटी आली. सुंदरबाई पिशवी उचलायला लागली. "नजर लागनी शे तिले. माहेरी गयी की बरी व्हई." मी गाडीच्या दारात उभी राहिले. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. सारिका म्हणते, मी म्हटलं, या गाडीत बसली तर शिरपूरला हिचं प्रेत उतरवाल. मी असं बोलत नाही. पण एसटी तिला न घेता गेली आणि आम्ही काळीपिवळीने धरणगावला निघालो.

मेघा मॅडमनी पहिल्यांदा इंजेक्शन दिलं, दोन्ही कुल्ल्यांत, झटके येऊ नयेत म्हणून. मग जळगावच्या गाडीला फोन. मग हाताकडे पाहिलं. बोटं जांभळी पडलेली, बांगड्या मनगटात रुतलेल्या.

"या काढा. फोडा."

सुंदरबाई खाटेसमोर आडवी आली. "बांगड्या फोडान्या नहीत! मना आंडोर जित्ता शे!" मुलगा जिवंत असताना सुनेच्या बांगड्या फोडायच्या म्हणजे अपशकुन.

मॅडम कात्री शोधायला वळल्या, जणू काच कात्रीने कापतात. सारिकाने तोवर अकबरीला फोन केला होता. तिचं घर बाजारात, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. ती आली, माझ्याकडे बघितलंही नाही. औषधाची प्लास्टिकची पिशवी मागितली, दिपमालाच्या पंजावर मोज्यासारखी चढवली, हात वर धरून बोटांपासून मनगटाकडे दाबत दाबत पाणी मागे सारलं आणि एकेक बांगडी पिशवीवरून सरकवत काढली. "हो गया बेटा, हो गया, और एक." बावीस बांगड्या. एकही फुटली नाही. सुंदरबाईने त्या पदरात घेतल्या.

आता मॅडमच्या हातात कार्ड होतं.

"सिस्टर, काल एकशे दहा, सत्तर? त्याआधीही तोच? आणि आज हे?"

"हो."

"एका दिवसात असं होत नाही सहसा. मला जळगावला लिहून द्यायचंय, सूज कधीपासून आहे, प्रेशर कधीपासून. त्यावर त्यांचं पुढचं ठरतं, बाळ आत ठेवायचं की काढायचं. हे मोजलेलं आहे ना?"

"मशीन थोडं जुनं आहे," मी म्हटलं.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे. तेव्हा अकबरी दाराजवळून म्हणाली, "लिहा ना बेटी. दिवाळीला दो-चार, सैल. त्यानंतर चौथ्या बुधवारी दो-चार, घट्ट. पाचव्याला दो-छे. सहाव्याला दो-आठ नाही चढली. काल दो-दस, साबण लावून."

मॅडमनी पेन उचललं आणि लिहिलं. मी डोकावून पाहिलं. 'सूज अंदाजे तीन आठवड्यांपासून, झपाट्याने वाढती.' माहिती कोणी दिली त्या रकान्यात 'बांगडीविक्रेती'. माझ्या कार्डातलं एक अक्षरही त्यांनी उतरवून घेतलं नाही.

गाडीत मी दिपमालासोबत बसले. पाळधीच्या पुढे तिने माझा हात धरला. थंड होता, जड होता. अंगठ्याखाली दाबून पाहिलं. खळगा राहिला. बराच वेळ राहिला.

२१ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस त्यांनी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. आज प्रेशर १८०च्या पुढे गेलं म्हणून सीझर. मुलगी. एक किलो साडेतीनशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय. आई शुद्धीवर आहे पण झटक्याचा धोका अजून तीन दिवस म्हणतात. सुंदरबाई बाहेर जमिनीवर बसून होती. मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही व्हतात म्हनीसन वाचनी." मी तिला गप्प राहायला सांगितलं. दवाखान्यात मोठ्याने बोलू नये.

२७ डिसेंबर, शुक्रवार

यशोगाथा जिल्ह्यात निवडली. पुस्तिकेत छापणार, दोन्ही फोटोंसह. 'नंतरच्या' फोटोखाली कुणीतरी ओळ सुचवलीय: 'मातृत्वाचं तेज'.

उत्तर पाठवलं: "सदर यशोगाथा तांत्रिक कारणास्तव मागे घेण्यात येत आहे." तांत्रिक कारण कोणतं, अशी विचारणा आली. अजून उत्तर दिलेलं नाही. चार वेळा मसुदा केला. प्रत्येक वेळी तिसऱ्या वाक्यात सेलची मागणी वेळेत पूर्ण न झाल्याचा उल्लेख आपोआप येतो.

१ जानेवारी, बुधवार

वर्ग घेतला. बारा हजर. फोटो काढला नाही, आठवलंच नाही. सगळ्यांचे प्रेशर मोजले. दोघींचे मागच्या नोंदींपेक्षा बरेच वेगळे निघाले. एकीला धरणगावला पाठवलं. दोन तास लागले. पूर्वी वीस मिनिटांत व्हायचं.

अकबरीला आत खुर्ची दिली. ती खुर्चीत बसली नाही, म्हणाली, खुर्चीतून हात दिसत नाहीत. जमिनीवर बसली. मी सूज शिकवायला घेतली आणि फळ्यावर व्याख्या लिहिली. तिने शेजारणीचा अंगठा दाबून दाखवला. बायका तिकडेच बघत होत्या. मी फळा पुसला.

५ जानेवारी, रविवार

सुट्टी. जळगावच्या दवाखान्यात गेले. यांनी विचारलं, रविवारी कशाला? म्हटलं, जवळच तर आहे. डायरीत खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते: सोळा दिवस जवळच होतं आणि मी एकदाच गेले होते.

दिपमाला भिंतीकडच्या खाटेवर. मुलगी पेटीतून बाहेर आलीय, पण आईच्या छातीला चिकटवून ठेवायची, साडीत बांधून, दिवसरात्र. नुसतं टोपडं दिसत होतं. वजन चौदाशे सत्तर. दिपमालाचा चेहरा उतरून पहिल्या फोटोतल्यासारखा झालाय. आता ओळखू येते.

पाण्याचा ग्लास दिला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "सिस्टर, इथले डॉक्टर कार्ड बघून म्हणाले, बीपी तर चांगलं होतं. मग एकदम कसं वाढलं?"

वॉर्डात तीस बायका होत्या. मी स्टूल जवळ ओढलं.

"एकदम नाही वाढलं. मी मोजलंच नव्हतं. पहिल्या बुधवारी मोजलं, नंतर पाच वेळा तोच आकडा लिहिला."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा निदान बाळाला माझ्यापासून दुसऱ्या कुशीला घेईल. ती दचकलीही नाही.

"माहीत आहे," म्हणाली. "पट्टा कुठे बांधला होता तुम्ही? पहिल्यांदा बांधला तेव्हा दंडाला मुंग्या आल्या होत्या. नंतर नाही आल्या."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, तुम्हाला आता बघूनच कळतं."

टोपड्यातून काहीतरी किरकिरलं. तिने पाठीवर थोपटलं. मी पर्समधून मशीन काढलं, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. डाव्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घरघरत फुगलं आणि सुटलं. मी ते उलटं फिरवून तिच्याकडे केलं.

"वाच."

"एकशे चौतीस. खाली... अठ्ठ्याऐंशी." तिला आकडे चांगले येतात, बारावीपर्यंत शिकलीय. मी कधी विचारलं नव्हतं. "हे जास्त आहे का?"

"थोडं. वरचा एकशे चाळीस झाला किंवा खालचा नव्वद झाला की कुणाची वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात यायचं. सासू काही म्हणो, मी काही म्हणो. किती?"

"एकशे चाळीस. नव्वद." मग म्हणाली, "आणि कुणी मोजलंच नाही तर?"

सव्वीस वर्षांत एवढी शंका कुणी काढली नव्हती. किंवा काढली असेल, मी वर्ग आटोपला असेल.

"तर हात असा पुढे करून बसायचं," मी म्हटलं. "पट्टा बांधेपर्यंत उठायचं नाही."

तिने हात पुढे करून दाखवला, बरोबर आहे का बघायला. बरोबर होता. मी कार्ड काढून १३४/८८ लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. वर बघितलं तर शेजारच्या खाटेवरची बाई, जिला मी ओळखतही नव्हते, माझ्याकडे वळून हात पुढे करून बसली होती.